मुलात तीन गंभीर दोष आढळले

सासूबाई गेल्यानंतर त्यांचं वधू-वर सूचक केंद्र माझ्याकडे आलं. बारामतीत भिगवण रस्त्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. खोलीत टेबल, सहा खुर्च्या, पाण्याचा जार, एक कपाट आणि एक कॉम्प्युटर. सासूबाईंचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. त्या सगळ्या स्थळांची माहिती फायलीत ठेवायच्या, आणि कुठली फाइल कुठे आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक असायचं. मी दोन उन्हाळे खपून त्या सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चढवल्या आणि मोठ्या रुबाबात कागद रद्दीत घातले. तो रुबाब मला पुढे चांगलाच भोवला.

माझ्याबरोबर रोज केंद्रात यायचे ते आबा, म्हणजे माझे सासरे. घरी एकटं बसून काय करणार, म्हणून यायचे. आबा मूळचे निमगाव केतकीचे. तीस-बत्तीस वर्षं पोस्टमन होते. सायकलवरून गावोगाव, वाड्या-वस्त्यांवर टपाल वाटलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या अंगातला पोस्टमन काही निवृत्त झाला नव्हता. चुकून आलेला फोनसुद्धा ते ‘राँग नंबर’ म्हणून ठेवायचे नाहीत. कोण पाहिजे, कशाला पाहिजे, कुठल्या गावचा, सगळं विचारून घ्यायचे आणि योग्य माणसाचा पत्ता शोधून द्यायचे.

कॉम्प्युटर जुना होता आणि दिवसेंदिवस मंद होत चालला होता. मुलाचा फोटो उघडला की तो वरून खाली, सावकाश यायचा. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. मुलीकडचे लोक खुर्च्या पुढे ओढून हनुवटीची वाट बघत बसायचे. एकदा इंदापूरच्या एका मावशींनी नाकापर्यंत फोटो आल्यावरच “नको, पुढचं दाखवा,” म्हणून सांगितलं. मी आबांना म्हटलं, “हा आता साफ करून घ्यावा लागेल.”

आबांनी ते वाक्य लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेले होते, तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटर साफ करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं आणि उतरवूनही घेतलं. मी परत आले तेव्हा ते हात मागे बांधून खुर्चीत बसले होते आणि पडद्यावर एक झाडू आपोआप इकडून तिकडे फिरत होता.

“आबा, हे काय?”

“सफाई चाललीय. तू म्हणली हुतीस न्हवं? एक पैसा न्हाय घेतला त्यांनी.”

“आणि बाकीची ही चित्रं कसली?”

पडद्यावर चार-पाच नवीन चिन्हं उगवली होती. एक ढाल, एक वाघाचं तोंड, एक गिअर, एक गिफ्टचा डबा.

“ती त्याच्यासंगं आली,” आबा म्हणाले. “दर खेपेला इचारत हुते, ह्यालाबी घेऊ का, त्यालाबी घेऊ का. टिक त्यांनीच करून ठेवली हुती. मी व्हय म्हणत गेलो. दारात आलेल्याला न्हाय कसं म्हणायचं?”

संध्याकाळपर्यंत फोटो झरझर उघडायला लागले, एवढं मात्र खरं. आबा माझ्याकडे बघून नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि पाहुण्यांनी आपापले आवाज काढायला सुरुवात केली. खालच्या कोपऱ्यातून एक चौकट सर्रकन वर यायची, घंटी वाजायची आणि काहीतरी जाहीर व्हायचं. सगळं मराठीत, पण ते मराठी कुण्या माणसानं लिहिलेलं नव्हतं. ‘अभिनंदन, आपले यंत्र आजारी आहे.’ ‘आपण हळू आहात, आम्ही मदत करू इच्छितो.’ चौकटीच्या कोपऱ्यात फुलीचं बटण होतं. ते दाबायला गेलं की चौकट जरा बाजूला सरकायची, आणि चुकून दाबलं गेलंच तर एकाच्या जागी दोन यायच्या. एक बाई तर कायमचीच मुक्कामाला आली. गोरी, सोनेरी केसांची, कानाला माइक लावलेली. ‘मी आपली कशी सेवा करू?’ असं विचारत ती प्रत्येक बायोडाटाशेजारी उभी राहायची. तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईनं मला गंभीरपणे विचारलं, “ही कुठली हो? शिकलेली दिसती. घरात इंग्रजी बोलत असतील का?”

मी झेरॉक्सवाल्याच्या ओळखीचा कॉम्प्युटरवाला बोलावला. त्यानं उभ्याउभ्याच बघितलं आणि म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल. सगळं जाईल. बॅकअप असेल ना?” माझ्या डोळ्यांसमोर रद्दीवाल्याची गाडी आली. मी म्हटलं, नंतर बघू. तोही उद्या येतो म्हणून गेला, आणि त्याचा तो उद्या काही उगवेना.

आबांना यातलं काहीच वावगं वाटत नव्हतं. त्यांनी एक वही केली होती. चौकट आली की चष्मा लावून ती शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे, वेळेसकट. मी म्हटलं, “आबा, या जाहिराती आहेत. कुणासाठी नाहीत त्या.”

“आसं कसं? कुणासाठी तरी असणारच की. पत्ता नसलेलं टपाल मी आयुष्यात हजारदा पोचवलंय.”

अशात बावड्याचे एक तात्या आपल्या मुलीसाठी स्थळ बघायला आले. उंच, पांढरं धोतर, बोलणं कमी आणि बघणं जास्त. मुलगी इथंच बारामतीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मी त्यांच्यासाठी कळंबचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. मुलगा कारखान्यात फिटर, सरळमार्गी, वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मी फोटो उघडला. एका झटक्यात पूर्ण मुलगा आला, कपाळापासून बुटापर्यंत. तात्या पुढे वाकले. आणि बरोबर त्या वेळी मुलाच्या छातीवर लाल चौकट आली. घंटी वाजली.

‘सावधान! ३ गंभीर दोष आढळले. दुर्लक्ष करू नका.’

तात्यांनी ते दोनदा वाचलं. ओठ हलत होते.

“तीन?” ते म्हणाले.

“तात्या, ते मुलाबद्दल नाहीये. कॉम्प्युटरची जाहिरात आहे ती.”

“कॉम्पुटरला कशाला असत्याल दोष? नवा दिसतोय.” ते खुर्चीत मागे टेकले. “आमी चार ठिकाणी नाव घातलंय. सगळीकडं पोरं नुसती सोन्यासारखी. निर्व्यसनी, मनमिळाऊ. पयल्यांदाच कुणीतरी खरं सांगितलं बगा.”

“अहो, खरंच तसं काही नाही.”

“तुमाला सांगता येत न्हाय, समजतंय मला. तुमचा धंदा हाय.” मग आवाज खाली आणून त्यांनी आबांना विचारलं, “तीन कुठलं, ते न्हाय सांगत व्हय मशीन?”

आबांनी वही चाळली. “खाली लिहिलंय, सविस्तर अहवालासाठी हितं दाबा.”

“दाबा की मग.”

मी आबांचा हात धरला. तात्यांनी माझ्या त्या हाताकडे बघितलं, आणि मी काहीतरी दडवते आहे याची त्यांना खात्रीच पटली. जाताना म्हणाले, “मी कळंबला जाऊन चौकशी करतो. तीन म्हणलं की कसं सोपं जातं. तीन सापडलं की थांबायचं.”

तात्या खरंच कळंबला गेले. दोन दिवस राहिले म्हणे, लांबच्या एका पाहुण्याकडे. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, दूध डेअरीवर बसून त्यांनी मुलाची चौकशी केली. आणि चौकशी करताना, सरळ माणूस, प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं: बारामतीच्या केंद्रात एक मशीन आहे, तिनं मुलात तीन दोष दाखवलेत, आपण ते शोधायला आलोय. लोकांनी मनापासून मदत केली. पण तीन काही कुणाकडून पुरे होईनात.

तात्या कळंबला असतानाच इकडे आबांनी त्याहून मोठा घोटाळा करून ठेवला. मी त्याच मुलाची माहिती दुसऱ्या एका घराला दाखवत होते आणि पिवळी चौकट आली: ‘तुमचा ड्रायव्हर कालबाह्य झाला आहे. जुना ड्रायव्हर धोकादायक ठरू शकतो. आताच बदला.’ कॉम्प्युटरमध्ये ड्रायव्हर नावाची काही भानगड असते, ती जुनी झाली की नवी घालतात, एवढं मला झेरॉक्सवाल्यानं सांगितलेलं होतं. आबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर मुलाचा बायोडाटा उघडा होता, त्यात ‘वडील: निवृत्त एसटी ड्रायव्हर’ असं ठळक लिहिलेलं होतं, आणि खाली निरोप आलेला. पत्ता इतका स्पष्ट असलेलं टपाल त्यांना वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं. मी पाण्याचा जार भरून आणायला खाली गेले आणि त्यांनी फोन लावला.

मी वर आले तेव्हा शेवटचं वाक्य ऐकलं. “माझं काम पोचवायचं. वाईट वाटून घिऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच दोघं जिन्यावर उभे. मुलगा आणि त्याचे वडील. मुलगा घामाघूम, वडील शांत. वडिलांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता, नोकरीतला असावा. मी कुलूप काढत होते तेवढ्यात खालून तात्या वर आले, आणि त्यांच्या मागे त्यांची मुलगी. कामावर जाताना वडिलांना ठणकावून सांगायला आली होती की हा पोरखेळ थांबवा. मुलाकडचे येणार आहेत हे तिला ठाऊक नव्हतं, ही दोघं येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला तर कुणीच येणार हे ठाऊक नव्हतं. एरवी मी दोन्हीकडच्यांची पहिली भेट आठ-आठ दिवस आधी ठरवते. इथे चौघंही माझ्या सहा खुर्च्यांत येऊन बसले आणि आबांनी सगळ्यांना पाणी दिलं.

मी पुन्हा समजावायला सुरुवात केली. फुकटचं सॉफ्टवेअर, त्याच्याबरोबर आलेलं लटांबर, जाहिराती. पण मुलानं मला मध्येच थांबवलं.

“मॅडम, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सलूनवाला रोज विचारतो, तिसरा कुठला. मला एकदा सांगूनच टाकू द्या.” त्यानं रुमालानं मान पुसली. “एक, मला चष्मा आहे. फोटोत काढलाय. नंबर बराच आहे. दोन, उंची पाच आठ लिहिलीय, ती बूट घालून मोजलेली. तिसरा मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. रात्रंदिवस विचार केला.”

तात्यांनी मान हलवली. चष्मा आणि उंची त्यांना कळंबमध्ये सापडलेलं असावं. “तिसरा मलाबी न्हाय गावला,” ते जरा नाराजीनंच म्हणाले.

मग मुलाचे वडील बोलले. इतका वेळ ते पडद्याकडे बघत होते, पण पडदा होता त्याच्या जरा डावीकडे.

“तिसरा माझा हाय,” ते म्हणाले. “मला फोन आला तवाच कळलं. म्हटलं कुणाला तरी समजलं.”

“काय समजलं, अण्णा?” मुलानं विचारलं.

“मला दिसत न्हाय. डाव्या डोळ्यानं तर काहीच न्हाय. उजव्यानं धुरकट. वरीस झालं.”

“अण्णा, तुम्ही कालच जीप घेऊन बाजारला गेला होता.”

“रस्ता पाठ हाय की. पस्तीस वर्षं त्याच रस्त्यानं गेलोय. खड्डा आला की कळतं, कुठं आलो ते.” त्यांनी खाकी शर्टाची बाही उगाच सरळ केली. “घरात सांगितलं असतं तर जीप काढून घेतली असती तुमी. मग मी काय करायचं दिवसभर?”

कॉम्प्युटर अजून चालू होत होता. चालू झाला, घंटी वाजली, आणि सोनेरी केसांच्या बाईनं विचारलं, मी आपली कशी सेवा करू?

आबा उठले. ते त्या माणसापेक्षा वयानं मोठे होते. शेजारच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “माझं चुकलं. मी नुसतं वाचलं. समजून घेतलं न्हाय.”

“न्हाय आबा, बरोबर आलं टपाल,” ड्रायव्हर म्हणाले.

मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि गिऱ्हाइकांसमोर दोन्ही बरं दिसलं नसतं. परत आत आले तेव्हा तात्यांची मुलगी माझ्या खुर्चीवर बसली होती.

“काकू, माझा बायोडाटा कुठंय?” तिनं विचारलं. मी दाखवला. तिनं स्वतःच उघडला. तिचा हिरव्या साडीतला फोटो आला, आणि त्यावर लगेच चौकट: ‘११७ निरुपयोगी गोष्टी सापडल्या. सर्व काढून टाका.’

“एकशे सतरा!” तात्या खुर्चीतून अर्धे उठले.

मुलगी इतकी हसली की तिला टेबलाला धरावं लागलं. मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, “तुमचे तीनच आहेत. विचार करून सांगा.” मुलगा आल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि त्यानं खिशातून चष्मा काढून लावला. मला वाटतं त्याला ती तेव्हाच नीट दिसली.

प्रयोगशाळेत त्यांच्याकडेही हाच प्रकार झाला होता, असं ती आमचा कॉम्प्युटर साफ करता करता सांगत होती. मातीचे नमुने तपासून शेतकऱ्याला अहवाल छापून द्यायचा, तर प्रत्येक अहवालाच्या खाली ‘तुमच्यात जंक भरला आहे’ असं छापून यायचं. एका शेतकऱ्यानं त्यावर कुठलं खत घालायचं म्हणून विचारलं होतं. फॉरमॅट वगैरे काही लागत नाही, ती म्हणाली. यादी उघडायची, जे आपण आणलेलं नाही ते एकेक करून काढायचं, मग ब्राउझरला चिकटलेलं सोलायचं. मी शेजारी उभी राहून शिकून घेतलं.

काढणं मात्र सोपं गेलं नाही, ते आबांमुळे. प्रत्येक पाहुणा जाताना विनवण्या करत होता. ‘आम्हाला सोडून जाताय? आमचे काय चुकले?’ असं विचारत एक रडका चेहरा आला.

“बिचारा इचारतोय,” आबा म्हणाले. “एकदा सांग तरी, का काढतीस ते.”

तिनं खरंच तिथल्या रिकाम्या चौकटीत टाइप केलं: घरच्यांना त्रास होतो. मग आबांनी मान डोलावली आणि तिनं बटण दाबलं.

दुसरा विरोध तात्यांचा. शेवटची ढाल निघत असताना ते म्हणाले, “आवं, समदं काढू नका की. एखादं ऱ्हाऊ द्या. धाकट्या पोरीचं बगायचंय अजून.”

मुलीनं वडिलांकडे नुसतं बघितलं. ढाल गेली. फोटो पुन्हा पहिल्यासारखे सावकाश उघडायला लागले.

लग्न त्या दोघांचंच झालं. लगेच नाही झालं. आधी ड्रायव्हरअण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, कारण ती झाल्याशिवाय तारीखच धरायची नाही असं मुलीनं सांगून ठेवलं होतं. निमगाव केतकीच्या कार्यालयात आम्ही सगळे गेलो. अण्णा काळा चष्मा लावून दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर लांबूनच मोठ्यानं वाचून दाखवत होते. तात्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की ती मशीन परत बसवायचा काही विचार आहे का.

ते एकटेच नव्हते. कळंब, बावडा, इंदापूर, कुठून कुठून लोक येऊन विचारायला लागले, दोष दाखवणारं केंद्र हेच का. आता नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. काहीजण पाणीही न पिता उठून गेले. दुसऱ्या केंद्रात असं मशीन नक्की असेल, या आशेवर.

शेवटी मी फॉर्ममध्येच एक रकाना वाढवला. शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा, आणि त्याखाली ‘दोष’. भरायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. वाटलं होतं, कुणी भरणार नाही. पण लोक त्याच रकान्यापाशी जास्त वेळ बसतात. पेन तोंडात धरतात, खिडकीबाहेर बघतात. झोपेत गातो, असं एकानं लिहिलं. पाहुणे गेले की पाहुण्यांबद्दल बोलते, असं एका शिक्षिकेनं. गेल्या आठवड्यात एक पोक्त गृहस्थ आले, घटस्फोट झालेले, दुसरेपणाचे. सगळा फॉर्म भरला आणि तो रकाना कोरा ठेवून माझ्याकडे दिला. आबांनी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, “पहिलीला विचारून येतो. तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.” आणि फॉर्मची घडी खिशात घालून जिना उतरून गेले.